वेठबिगारी, मानवी अपव्यापार आणि मालाची साखळी : एटापल्लीच्या जंगलातून

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली हा तालुका महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. मुंबई, वसई किंवा पुणे येथील वाचकाला हे नाव वर्तमानपत्रात बहुधा चकमकीच्या बातमीत भेटते. अलीकडे सुरजागडच्या लोहखनिजाच्या बातमीतही भेटू लागले आहे. परंतु या तालुक्याशी आपल्यापैकी प्रत्येकाचा संबंध बातमीपेक्षा जवळचा आहे. येथून बाहेर जाणाऱ्या वस्तूंची नुसती यादी केली तरी ते ध्यानात येते. तेंदूची पाने, बांबू, मोहफुले, सागवान, लोहखनिज आणि माणसांचे श्रम. यातील पाने विडीत जातात, बांबू कागदात गेला, खनिज पोलादात जाते आणि श्रम शेजारच्या तेलंगणात मिरचीच्या पोत्यांत भरले जातात. वस्तू शहरात पोहोचते तेव्हा तिच्यावर कारखान्याचे नाव असते. ती कोणाच्या हातून निघाली आणि त्या हाताला काय मिळाले, हे त्या वेष्टनावर लिहिलेले नसते.

सक्तीचे श्रम आणि माणसांचा अपव्यापार यांना आळा घालण्यासाठी मालाच्या या संपूर्ण साखळीला जबाबदार धरणारे कायदे व्हावेत, अशी मागणी गेल्या काही वर्षांत जगभर पुढे आली आहे. अनेक देशांनी असे कायदे केले आहेत. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. या लेखात आम्ही त्या मागणीचा अर्थ, आपल्याकडे आज असलेले कायदे व त्यांच्या उणिवा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वेठ : शब्द आणि इतिहास

'वेठ' हा मराठीतील जुना शब्द आहे. मोबदला न देता, अधिकाराच्या जोरावर करून घेतलेले काम म्हणजे वेठ. महार वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या अशा राबवणुकीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये माणसांचा अपव्यापार, वेठबिगार आणि त्यासारखी सक्तीची सर्व मजुरी यांना मनाई करण्यात आली. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मूलभूत हक्कांपैकी बहुतेक हक्क नागरिकाला शासनाविरुद्ध मिळालेले आहेत. अनुच्छेद २३ मात्र खासगी मालकालाही बांधून ठेवतो. सावकार, ठेकेदार, शेतमालक, कंपनी यांपैकी कोणीही त्याच्या बाहेर नाही.

एटापल्ली, अहेरी आणि भामरागड या भागात वेठीचा इतिहास निराळा आहे. हा सारा मुलूख अहेरीच्या विस्तीर्ण जमीनदारीचा. चांद्याच्या जमीनदारी मुलखात १८५७-५८ साली वीर बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी देण्यात आले. १९५१ साली मध्यप्रांतातील जमीनदाऱ्या संपल्या आणि जंगल वनखात्याकडे आले. जमीनदार गेला, तरी वेठ लगेच गेली नाही. जंगलात राहणाऱ्या माडिया माणसाने खात्याच्या कामाला यावे, ओझे वाहावे, रस्ता साफ करावा, कोंबडी-लाकूड द्यावे आणि त्याबद्दल काही मागू नये, ही समजूत पुढे बराच काळ टिकून राहिली. अक्षरओळख नाही, मराठी येत नाही, जमिनीचा कागद नाही. अशा माणसाला 'जंगलात राहू देतो' हीच मजुरी म्हणून सांगता येत होती.

हा इतिहास आम्ही आठवतो तो जुनी भांडणे उकरण्यासाठी नव्हे. सक्ती प्रत्येक वेळी दोरखंडाने किंवा चाबकाने होत नाही, हे त्यातून समजते. दुसरा पर्यायच नसणे ही सक्तीच होय आणि पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले.

पान, बांबू आणि मालकी

उन्हाळ्याच्या भर कडाक्यात, मुख्यतः मे महिन्यात, एटापल्लीच्या जंगलात तेंदूपानांचा हंगाम असतो. घरातील सर्वजण पहाटे पाने तोडायला निघतात, दुपारी सावलीत बसून पुडे बांधतात आणि सायंकाळी ते 'फळी'वर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन देतात. एका पुड्यात ७० पाने आणि अशा १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा महाराष्ट्रातील हिशेब आहे. जंगलातील कुटुंबाच्या हाती रोख पैसा येण्याचा हा वर्षातील मोठा प्रसंग. म्हणूनच या व्यवहारातील अन्यायाने मोठे परिणाम घडवले. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ गोदावरी-प्राणहिता ओलांडून या भागात आली, तेव्हा तिने हाती घेतलेल्या पहिल्या प्रश्नांत तेंदूच्या मजुरीचा दर होता. मजुराला न्याय्य दर मिळवून देण्याचे काम कायद्याने वेळेवर केले असते, तर ते बंदुकीकडे गेले नसते. त्या बंदुकीने पुढे ज्यांचे बळी घेतले त्यांत आदिवासीच अधिक होते, हेही तितकेच खरे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र पालटले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला ते २००९ साली मिळाले आणि २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तोपर्यंत याच जिल्ह्यातील बांबू दशकानुदशके बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात असे आणि गावकऱ्याला केवळ तोडणीची मजुरी मिळत असे. २०१४ साली पेसा कायद्याचे महाराष्ट्राचे नियम आल्यानंतर अनेक ग्रामसभांनी तेंदू स्वतः विकण्याचा पर्याय निवडला. ज्या गावी मजूर स्वतः मालाचा मालक झाला, तेथे त्याला वेठीस धरणे अवघड झाले. साखळीच्या या टोकावरील सर्वांत परिणामकारक कायदा हाच, असे आमचे मत आहे. तरी व्यापारी हंगामात पाने उचलतो आणि पैसे पुढे थकवतो, ग्रामसभा त्याच्यामागे वर्षभर फिरते, अशा तक्रारी थांबलेल्या नाहीत. मालकी आली, पण पुढच्या दुव्याला जबाबदार धरणारे साधन अजून आलेले नाही.

मिरचीची वाट

खरीपाचे धान घरात येते, ते काही महिने पुरते आणि जानेवारी उजाडला की एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा या तालुक्यांतून लोक मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाऊ लागतात. मुलुगु, भूपालपल्ली, भद्राद्री-कोत्तागुडम, खम्मम हे तेथील जिल्हे. सीमेवरील अनेकांना तेलुगू समजते. आतल्या गावांतील माडिया माणसाला ती फारशी येत नाही आणि त्याच्या वतीने बोलण्याचे काम टोळीप्रमुख करतो. वाहन शेतमालकाकडून किंवा दलालाकडून येते. टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे दाटीवाटीने बसतात. मुक्काम शेताच्या कडेला, प्लास्टिकच्या कागदाखाली. मजुरी तोडलेल्या वजनावर किंवा रोजाने ठरते. काही ठिकाणी तिचा भाग मिरचीच्याच रूपाने दिला जातो. हिशेब बहुधा हंगामाच्या शेवटी होतो.

या स्थलांतराला सरसकट 'वेठबिगारी' म्हणणे योग्य होणार नाही. अनेक कुटुंबे स्वतःहून जातात, दरवर्षी त्याच शेतकऱ्याकडे जातात, पैसे घेऊन परततात आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातात. पण सीमारेषा कोठे ओलांडली जाते, हे ओळखता आले पाहिजे. आगाऊ रक्कम दिली आणि ती फिटेपर्यंत निघता येणार नाही असे सांगितले. आजारी माणसालाही जाऊ दिले नाही. हिशेबाची वही मजुराला दाखवलीच नाही. आश्रमशाळेतील मुलीला सुट्टी संपल्यावरही परत पाठवले नाही. किंवा ठरलेल्या ठिकाणाऐवजी भलत्याच ठिकाणी नेले. अशा वेळी ती मजुरी स्वेच्छेची राहत नाही, आणि मध्यस्थाने फसवून नेले असेल तर तो अपव्यापाराचा गुन्हा ठरू शकतो.

या वाटेवर लहान मुलेही असतात, हे देशाला एका मृत्यूने कळले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सारी वाहने थांबली होती. तेव्हा भामरागडला लागून असलेल्या छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्याची एक १२ वर्षांची आदिवासी मुलगी मुलुगु जिल्ह्यातील मिरचीच्या शेतातून इतर मजुरांबरोबर पायी निघाली. तीन दिवस चालल्यावर, घर थोड्या अंतरावर असताना, १८ एप्रिल रोजी तिचा मृत्यू झाला. तिचे नाव वर्तमानपत्रांत आले, मदत जाहीर झाली. ती ज्या शेतात राबली तेथील मिरची मात्र त्या वर्षीही बाजार समितीत गेली, व्यापाऱ्याने घेतली, पुढे गिरणीत किंवा निर्यातीला गेली. त्या साखळीतील कोणालाही कोणी विचारले नाही की ही मिरची कोणी तोडली.

वरंगल, खम्मम आणि गुंटूर ही मिरचीची देशातील मोठी बाजारपेठ. तेथून माल देशभरच्या मसाल्याच्या कारखान्यांत जातो. रंग व तिखटाचा अर्क काढण्यासाठीही जातो. चीनसारख्या देशांतही जातो. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करणाऱ्या आपल्या घरांतही तो येतच नसेल, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? येथे आम्हाला तेलंगणातील शेतकऱ्याचीही बाजू मांडली पाहिजे. तो पुष्कळदा खंडाने जमीन कसणारा, बी-खताच्या उधारीत अडकलेला असतो. भाव पडला की तोही बुडतो. मजुराला कमी देणारा हात तोच असला, तरी भाव ठरवणारा हात दूर आहे. साखळीच्या कायद्याची गरज नेमकी येथे दिसते. सर्वांत गरीब मालकाला तुरुंगात टाकून प्रश्न सुटत नाही, आणि सर्वांत श्रीमंत खरेदीदार कायम नामानिराळा राहतो.

महाराष्ट्रातील इतर साखळ्या

एटापल्ली हे एकच ठिकाण नव्हे. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, पती-पत्नीचे 'कोयते' मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीला जातात. उचल फिटली नाही तर पुढचा हंगाम तिच्यात जातो. स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही साखर घेणाऱ्या जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांची नावे छापली, तेव्हा त्या कंपन्यांना उत्तरे द्यावी लागली. बीडच्या बाईने वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट खरेदीदाराचे नाव जोडले गेल्यावर ऐकली गेली, ही लाज वाटावी अशी बाब आहे. पण साखळी हातात धरण्याचे बळही त्यातूनच दिसते.

२०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी परिसरातील कातकरी मुले मेंढपाळांकडे एखादी मेंढी व काही शे रुपयांच्या मोबदल्यात कामाला ठेवल्याचे उघड झाले. त्यांतील एका लहान मुलीच्या मृत्यूनंतरच ते उघड झाले.

वसईच्या वाचकांना याहून जवळचे उदाहरण ठाऊक आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे, अशी 'लग्नगडी'ची प्रथा होती. १९८० च्या दशकात विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेने वसई तालुक्यापासून सुरुवात करून अशा वेठबिगारांची मुक्तता घडवली. त्या कार्यासाठी त्यांना १९९९ सालचा आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला. कायदा आपोआप चालत नाही, त्याला चालवणारी माणसे लागतात, हे त्या लढ्याने दाखवले. त्या काळी आपल्या गावांतील किती जणांनी त्यांना साथ दिली आणि किती जण मालकांच्या बाजूला गप्प उभे राहिले, हा प्रश्न तेथील ज्येष्ठांनीच स्वतःला विचारावा.

आज हाती असलेले कायदे

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ हा या विषयाचा मुख्य कायदा. ऑक्टोबर १९७५ च्या अध्यादेशाने त्याची सुरुवात झाली. या कायद्याने त्या दिवसापासून वेठबिगाराचे कर्ज रद्द झाले; ते वसूल करणे हाच गुन्हा ठरला. कायद्याची व्याख्या लोकांना वाटते त्याहून पुष्कळ व्यापक आहे. उचल किंवा कर्जाच्या बदल्यात माणूस बिनमजुरीने वा नाममात्र मजुरीने राबत असेल, किंवा त्याला दुसरीकडे काम करता येत नसेल, किंवा देशात मोकळेपणी फिरता येत नसेल, किंवा आपल्या श्रमाचा माल बाजारभावाने विकता येत नसेल, तर यांपैकी कोणतीही एक गोष्ट पुरे. शेवटची बाब वनउपज गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने किती मोलाची आहे, हे सांगावयास नको. १९८५ च्या दुरुस्तीने कंत्राटी आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगारही या व्याख्येत येऊ शकतात, हे स्पष्ट केले. कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. गुन्ह्याची शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि २००० रुपयांपर्यंत दंड, एवढीच. १९७६ साली दोन हजार रुपयांना जे वजन होते ते आज नाही.

या कायद्याला खरा प्राण सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू होती. मजुरांसाठी ठरलेल्या दिवसाच्या ९ रुपये २५ पैशांतून जमादार एक रुपया दलाली कापून घेत होते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेच्या अर्जावर न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सप्टेंबर १९८२ मध्ये निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करावे लागणे हीही सक्तीची मजुरी होय, कारण भूक आणि गरिबी यांची सक्तीही सक्तीच असते, असा त्याचा आशय होता. याच निकालात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मजूर ठेकेदाराचे आहेत, आपले नाहीत, असा बचाव काम करवून घेणाऱ्या शासकीय यंत्रणांना घेता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. साखळीतील वरच्या दुव्याने खालच्या दुव्याकडे बोट दाखवून सुटू नये, हे तत्त्व परदेशातून आणण्याची आपल्याला गरज नाही. ते एका रुपयाच्या कपातीवरून भारतात तेव्हाच मांडले गेले होते. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, फरीदाबादच्या दगडखाणींच्या संदर्भात, न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. मजुराकडून सक्तीने काम घेतले जात आहे असे दिसले, की त्यामागे उचल किंवा कर्ज आहे असे शासनाने गृहीत धरावे. त्याचा पुरावा मजुराकडे मागत बसू नये.

अपव्यापाराचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. शिक्षा कडक आहे. पण त्या कलमातील शोषणाच्या व्याख्येत गुलामगिरी, दास्य, लैंगिक शोषण, भीक मागायला लावणे ही नावे आहेत आणि 'सक्तीचे श्रम' हे शब्द नाहीत. पोलीस ठाण्यातील अधिकारी कलम वाचून पाहतो तेव्हा या अनुपस्थितीचा अर्थ मजुराच्या विरुद्ध लागण्याचा धोका असतो. मानवी तस्करीविरोधी एक व्यापक विधेयक २६ जुलै २०१८ रोजी लोकसभेत संमत झाले; राज्यसभेत ते आलेच नाही आणि २०१९ मध्ये व्यपगत झाले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांची मर्यादा तेथे आहे. शेताच्या बांधावरील मिरचीची टोळी तिच्यात कशी बसवायची, हे कोड्यातच राहते.

पुनर्वसनासाठी केंद्राची २०१६ ची योजना आहे. मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि अत्यंत हलाखीच्या शोषणातून सुटलेल्यांना ३ लाख रुपये. मुक्ततेबरोबर तातडीची मदतही आहे. परंतु पूर्ण रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे, आणि खटले वर्षानुवर्षे चालतात. त्याच वर्षी केंद्र सरकारने २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांची मुक्तता करण्याचे उद्दिष्ट सांगितले. १९७८ पासून आजवर अधिकृतपणे मुक्त झालेल्यांची संख्या तीन लाखांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांमधील अंतर कोणत्याही भाष्यापेक्षा बोलके आहे.

परदेशांतील साखळीचे कायदे

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खासगी क्षेत्रात आहेत. या जाणिवेतून दोन तऱ्हेचे कायदे झाले. पहिली तऱ्हा माहिती उघड करण्याची. कॅलिफोर्निया राज्याचा २०१० चा आणि ब्रिटनचा २०१५ चा कायदा मोठ्या कंपन्यांना सांगतो की, आपल्या साखळीत गुलामगिरी असू नये म्हणून तुम्ही काय केले ते प्रसिद्ध करा. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली हीच वाट धरली. अनुभव असा की, कंपन्या गुळगुळीत निवेदने छापतात आणि त्यांपलीकडे फारसे घडत नाही. दुसरी तऱ्हा अधिक कडक आहे. फ्रान्सने २०१७ साली आणि जर्मनीने २०२१ साली केलेले कायदे कंपनीवर खबरदारीचे कर्तव्यच घालतात. युरोपीय संघानेही २०२४ साली असे निर्देश संमत केले. पण उद्योगांच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी ते सौम्य करण्याचे प्रयत्न सुरू झाले. सक्तीच्या श्रमातून बनलेला माल बाजारात विकण्यासच मनाई करणारा युरोपीय संघाचा नियम मात्र डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे.

मालाच्या बंदीचे जुने उदाहरण आपल्या जंगलाच्या अगदी जवळ येते. अमेरिकेचा १९३० चा एक जकात कायदा सक्तीच्या श्रमातून बनलेल्या मालाच्या आयातीस मनाई करतो. त्याखाली नोव्हेंबर १९९९ मध्ये मंगळूरच्या एका मोठ्या कंपनीच्या विड्या, बालमजुरीच्या आरोपावरून, अमेरिकेच्या बंदरांत अडवण्यात आल्या. तेंदूच्या पानाची आणि दूरदेशच्या कायद्याची गाठ अशी पडली. पण माल अडवला म्हणजे विडी वळणाऱ्या घराला चांगली मजुरी मिळाली असे होत नाही. बंदी हे हत्यार आहे, औषध नव्हे.

भारतात शेअर बाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या सामाजिक जबाबदारीचा विस्तृत अहवाल द्यावा लागतो. त्यात मानवी हक्कांविषयी प्रश्न आहेत. तेंदूच्या फळीपर्यंत किंवा मिरचीच्या बांधापर्यंत हा अहवाल पोहोचत नाही.

आम्हाला कसा कायदा हवा

परदेशी कायद्याची नक्कल आम्हाला नको. आपल्या साखळीचा खालचा भाग कागदावर नसतोच. तेथे टोळीप्रमुख, वाहनवाला, अडत्या आणि उधारी असते. म्हणून पहिली गोष्ट, मजूर पुरवणाऱ्याची नोंद आणि मजुराच्या पैशातून दलाली कापण्यास संपूर्ण मनाई. आशियाई स्पर्धांतील तो एक रुपया आजही कापला जातो, फक्त तो आता मोठा झाला आहे. दुसरी आणि खरी कळीची गोष्ट, थकलेल्या मजुरीची संयुक्त जबाबदारी. तेंदूचा व्यापारी पळाला तर त्याच्याकडून पाने घेणारा विडी कारखानदार ग्रामसभेला देणे लागेल, अशी तरतूद झाल्यास पुढच्या हंगामापासून कारखानदार स्वतःच व्यापाऱ्याची पारख करू लागेल. कोणत्याही तपासनिसापेक्षा ते काम तो अधिक चोख करील.

तपासणीचे प्रमाणपत्र शहरातील खासगी संस्थेने देण्याऐवजी पेसा क्षेत्रात ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरावी. आदिवासींना दिल्या जाणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रणाचा अधिकार पेसा कायद्याने ग्रामसभेला आधीच दिलेला आहे. उचल हे त्याचेच एक रूप. गावातून कोण, कोणाबरोबर, कोठे गेले, याची नोंदवही ग्रामसभेने ठेवणे यासाठी तर नव्या कायद्याची वाटही पाहावी लागत नाही. आणि ज्या कंपनीला आपल्या साखळीत दोष सापडेल, तिने तो पुरवठादार तोडून मोकळे होऊ नये, तर मजुराचे देणे आधी चुकवावे, अशी अट हवी. नाहीतर मोठे खरेदीदार छोट्या ग्रामसभांशी व्यवहारच थांबवतील आणि कायद्याचा भार पुन्हा गरिबावर येईल.

सुरजागडच्या खाणीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. तिचा पट्टा २००७ साली दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे मोठ्या संख्येने वाहने जाळली गेली. २०२१ पासून उत्खनन पुन्हा सुरू झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या एका वरिष्ठ नेत्याने सुमारे ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर या भागात रस्ते, कारखाने आणि कंत्राटे वेगाने येणार हे उघड आहे. कोणा एका कंपनीवर आमचा आरोप नाही. परंतु कंत्राट, उपकंत्राट आणि त्याखालील आणखी एक कंत्राट अशी उतरंड उभी राहिली, की वेतन व सुरक्षितता कोणाच्या अंगावर, हा प्रश्न पुन्हा उभा राहील. त्याआधी कायदा पोहोचावा.

ख्रिस्तसभेची शिकवण आणि धर्मग्रामांतील काम

मजुराची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, ही शिकवण प्रेषितांच्या काळापासून आपल्याजवळ आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रात न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला. विद्यमान पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये आपले नाव निवडताना त्याच परिपत्राची आठवण केली. पोप फ्रान्सिस यांनी १ जानेवारी २०१५ च्या जागतिक शांतिदिनाचा संदेश गुलामगिरीच्या विषयाला वाहिला आणि कंपन्यांनी आपल्या वितरणाच्या साखळीत गुलामगिरीला शिरू देऊ नये, ग्राहकानेही खरेदी ही नैतिक कृती समजावी, असे सांगितले. ८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता हिचा सण २०१५ पासून मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनादिन म्हणून पाळला जातो. धर्मभगिनींचे 'तालिथा कुम' हे आंतरराष्ट्रीय जाळे २००९ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे.

प्रार्थनादिनाच्या जोडीला थोडे कागदी काम करता येईल. १९७६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती असली पाहिजे. एटापल्लीसाठी ती उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. ती नेमली आहे का, शेवटची बैठक कधी झाली, किती मुक्ती प्रमाणपत्रे दिली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. आपापल्या तालुक्याविषयीही हाच अर्ज करावा. वीटभट्ट्या आणि कोळंबी सोलण्याचे कारखाने ज्यांच्या धर्मग्रामात आहेत त्यांनी तर अवश्य. वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांच्याकडे कोणीही करू शकतो, मजुराने स्वतःच यावे असे बंधन नाही. तक्रारीत मजुरांची नावे व गाव, कामाचे ठिकाण, नेणाऱ्याचे नाव, उचलीची रक्कम, कामाचे तास, मिळालेली मजुरी आणि बाहेर जाण्यावरील बंधने एवढे लिहिले तरी चौकशीस पुरे होते. मूल अडकले असेल तर १०९८ हा क्रमांक आहे, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२, आणि विनामूल्य कायदेशीर साहाय्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. मुक्तता झाल्यावर मुक्ती प्रमाणपत्राची प्रत मजुराच्या हाती पडेपर्यंत त्याच्यासोबत थांबावे. त्या कागदाशिवाय पुनर्वसनाचा एकही रुपया मिळत नाही.